कुठून कुठपर्यंत? फोर्थ आणि फाइव्ह एक्सिसवर ऑफसेट लावताना

तीन एक्सिसच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) दोन-तीन वर्षं हात बसलेला मुलगा फाइव्ह एक्सिसवर आला की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार घेऊन येतो. "सर, वरची बाजू मापात आहे, पण टेबल कलंडलं की बाजूची भोकं पॉइंट दोन मिमीनं सरकतात." प्रोग्रामर मशीनकडे बोट दाखवतो, मेन्टेनन्सवाला प्रोग्रामकडे. पुष्कळदा दोघंही निर्दोष असतात. ऑफसेट पेजवर, म्हणजे टूलची लांबी आणि जॉबची जागा कंट्रोलला सांगायच्या पानावर, दोन आकडे चुकलेले असतात आणि सपाट टेबलावर त्या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत असतात. टेबल ९० अंशांत गेलं की त्यांची फारकत होते.

म्हणून शिकवताना मी एकच सवय लावायला बघतो. ऑफसेटच्या रकान्यात आकडा टाकण्याआधी स्वतःला विचारायचं, हे अंतर कुठून कुठपर्यंतचं आहे? उत्तर देता आलं नाही तर इनपुटचं बटण दाबायचं नाही.

पुढचं सगळं फॅनक कंट्रोल आणि बीटी ४० स्पिंडलचं मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण भोसरी-चाकणकडच्या शॉपमध्ये नवा माणूस बहुधा त्यावरच उभा राहतो. कोड इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, स्क्रीनवर ते रोमन अक्षरांत दिसतील.

आधी जागा ओळखा

मशीन झिरो मशीन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. बहुतेक व्हीएमसीवर झेडचं होम सगळ्यात वर असतं, त्यामुळे खाली येताना मशीन रीडिंग मायनसमध्येच वाढतं. जी५३ लिहिलं की आकडे या झिरोपासून मोजले जातात.

गेज लाइन ही स्पिंडलच्या टेपरवरची जागा. बीटी ४० मध्ये टेपरचा व्यास जिथे ४४.४५ मिमी होतो ती पातळी, म्हणजे साधारण स्पिंडलच्या नाकापाशी. टूलची खरी लांबी इथून टूलच्या टोकापर्यंत मोजतात. होल्डरच्या खालच्या कडेपासून मोजलेली लांबी ही टूलची बाहेर आलेली लांबी. ती कंपन आणि धडक टाळण्यासाठी कामाची, ऑफसेटसाठी नाही.

जॉबचा झिरो ड्रॉइंगवरून ठरतो. त्याची जागा जी५४ ते जी५९ या सहा रकान्यांत बसते. सहा पुरले नाहीत तर जी५४.१ पी१ पासून पुढे अजून ४८ मिळतात, काही मशीनवर त्याहून जास्त.

याशिवाय ऑफसेट पेजवर सगळ्यांच्या आधी ईएक्सटी नावाचा रकाना असतो. त्यात टाकलेला आकडा सगळ्या वर्क ऑफसेटमध्ये गुपचूप मिसळतो. आधीच्या शिफ्टवाल्याने एअर कटिंगसाठी (प्रोग्राम आधी हवेत चालवून बघायला) तिथे १०० टाकून तसंच ठेवलं असेल, तर तुम्ही दिवसभर डोकं खाजवाल. मशीनवर आल्यावर आधी ईएक्सटी शून्य आहे का ते बघायचं आणि मगच बाकीचं.

आता झेडचा सगळा हिशोब एका ओळीत बसतो:

मशीनचा झेड = ईएक्सटी + जी५४ चा झेड + एच + प्रोग्राममधला झेड

एच म्हणजे टूलच्या लांबीचा ऑफसेट: जिओमेट्री (मूळ आकडा) आणि वेअर (झिजेची दुरुस्ती) या दोन्ही रकान्यांची बेरीज. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कंट्रोल यापेक्षा वेगळं काही करत नाही.

टूलची लांबी: दोन पद्धती, आणि एकच निवडायची

पहिली पद्धत जुन्या सेटरांची. जी५४ चा झेड शून्य ठेवायचा. प्रत्येक टूल जॉबच्या वरच्या बाजूला टच करायचं आणि तेव्हाचं मशीन रीडिंग जसंच्या तसं एच मध्ये टाकायचं. आकडे मोठे आणि मायनस येतात, मायनस तीनशे आठ पॉइंट अमुक असे. प्रीसेटर (मशीनबाहेर टूल मोजायचं यंत्र) लागत नाही, डोकं लागत नाही, आणि एका बाबतीत ही पद्धत माणसाला सांभाळूनही घेते. प्रोग्राममध्ये जी४३ (एच लागू करणारा कोड) विसरला तर झेड वर जायला बघतो आणि ओव्हरट्रॅव्हलचा (हद्दीबाहेर जाण्याचा) अलार्म येतो, टूल जॉबमध्ये घुसत नाही. पण जॉब बदलला की सगळी टूलं पुन्हा टच करावी लागतात. आणि फाइव्ह एक्सिससाठी ती साफ निरुपयोगी आहे, कारण त्या आकड्यात टूलची लांबी कुठेच नाही. त्यात होमपासून जॉबपर्यंतचं अंतर आहे.

दुसरी पद्धत म्हणजे खरी लांबी. टूल प्रीसेटरवर किंवा मशीनवरच्या टूल प्रोबवर मोजायचं आणि गेज लाइनपासूनची लांबी प्लसमध्ये एच ला द्यायची. मग जॉबचा झिरो कोणत्याही एका मोजलेल्या टूलने काढायचा. हिशोब असा:

समजा ७ नंबरचं टूल १२ मिमीचं कार्बाइड एंडमिल आहे. प्रीसेटरवर लांबी आली १४२.३८०. जॉबच्या वरच्या बाजूवर ५० मिमीचा झेड सेटर ठेवला आणि टूल हळूच आणून डायल शून्यावर घेतला. मशीनचा झेड दिसतोय -२५८.६२०.

म्हणजे गेज लाइन -२५८.६२० वर, टूलचं टोक त्याखाली १४२.३८०, म्हणजे -४०१.०००. जॉबची वरची बाजू अजून ५० खाली, -४५१.०००.

जी५४ च्या झेडमध्ये -४५१.००० टाकलं. पडताळा लगेच घ्या. जी४३ एच०७ लावून झेड०.० दिला तर मशीन जाईल -४५१.००० + १४२.३८० = -३०८.६२० वर. ते सेटरवरच्या रीडिंगपेक्षा बरोबर ५० खाली आहे. जुळलं. आता बाकीची वीस टूलं टच न करता चालतील, आणि जॉब बदलला तर फक्त जी५४ बदलेल.

या पद्धतीत जी४३ विसरणं मात्र महागात पडतं. एच धरला नाही तर कंट्रोल स्पिंडलचं नाकच जॉबच्या झिरोवर न्यायला निघतो, आणि टूल आपल्या पूर्ण लांबीइतकं खाली घुसतं. म्हणून टूलचा नंबर आणि एचचा नंबर कायम एकच ठेवा: टी०७, एच०७, डी०७ (डी म्हणजे टूलच्या त्रिज्येचा ऑफसेट). सातव्या टूलला सहाचा एच लागला आणि सहावं टूल ४० मिमीने आखूड असेल, तर त्या ४० मिमीचं काय होईल हे सांगायला नको.

दोन्ही पद्धती एकाच मशीनवर मिसळणारे शॉप मी पाहिलेत. दिवसपाळीचे टूल प्लसमध्ये, रात्रपाळीचे मायनसमध्ये. ती मशीनं दर दोन-तीन महिन्यांनी स्पिंडल दुरुस्तीला जातात. एक पद्धत ठरवा आणि भिंतीवर लावा.

एक्स आणि वायचा झिरो

यात फार काही नाही. एज फाइंडर किंवा प्रोबने कड पकडा आणि फाइंडरची त्रिज्या योग्य दिशेला मिळवा. १० मिमीचा एज फाइंडर जॉबच्या डाव्या कडेला लागला असेल तर स्पिंडलचं सेंटर कडेच्या ५ मिमी डावीकडे आहे, म्हणजे रीडिंगमध्ये +५. दोन्ही कडा पकडून मधला बिंदू घेतला तर त्रिज्येची भानगड आपोआप मिटते. शक्य असेल तिथे मी हेच करतो.

त्रिज्येची भरपाई: जी४१ आणि जी४२

ड्रॉइंगवर १०० x ८० चा चौकोन आहे. प्रोग्राममध्येही तेच आकडे लिहायचे आणि टूलची त्रिज्या कंट्रोलवर सोडायची, हा जी४१ चा उद्देश. टूल ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड करून उभे राहा. टूल जॉबच्या डावीकडे हवं तर जी४१, उजवीकडे हवं तर जी४२. नेहमीच्या उजव्या फिरकीच्या कटरला जी४१ म्हणजे क्लाइंब मिलिंग, सीएनसीवर जवळजवळ नेहमी हेच.

जी५४ चा झिरो डाव्या खालच्या कोपऱ्यावर आहे असं धरून बाहेरची कड:

टी०७ एम०६
जी९० जी५४ जी०० एक्स-२०.० वाय-२०.०
एस६००० एम०३
जी४३ एच०७ झेड५०.०
जी०० झेड५.०
जी०१ झेड-५.० एफ५००
जी४१ डी०७ एक्स०.० एफ१२००
वाय८०.०
एक्स१००.०
वाय०.०
एक्स-२०.०
जी४० वाय-२०.०
जी०० झेड५०.०

डी०७ मध्ये ६.००० आहे. जी४१ ची ओळ नीट बघा. टूल एक्स शून्यावर जाणार नाही, -६ वर थांबेल. म्हणून आत येण्याची चाल टूलच्या त्रिज्येपेक्षा मोठी ठेवायची, आणि जॉबच्या बाहेर, हवेत. भरपाई सुरू किंवा बंद करायची ती सरळ चालीतच. जी०२ किंवा जी०३ च्या ओळीत जी४१ लावलं की फॅनक अलार्म देतो. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या टूलपेक्षा लहान असेल तरी अलार्म येतो. तो अलार्म जॉब वाचवतोय, त्याच्यावर चिडून डी कमी करू नका.

डी मध्ये त्रिज्या टाकायची की व्यास? फॅनकवर हे पॅरामीटरवर ठरतं, पुष्कळ मशीनवर त्रिज्या असते. हास कंपनीच्या मशीनवर सेटिंग ४० बघा, तिथे व्यासही असू शकतो. नव्या मशीनवर कुणाला विचारण्यापेक्षा भंगार तुकड्यावर एक कड मारून मोजा, पाच मिनिटांत खरं कळतं.

कॅममधून (कॉम्प्युटरवर टूलचा रस्ता काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेल्या प्रोग्राममध्ये अजून एक सापळा आहे. कॅमने टूलची त्रिज्या आधीच धरून सेंटरचा रस्ता काढला असेल आणि जी४१ फक्त झिजेसाठी ठेवलं असेल, तर डी ची जिओमेट्री शून्य हवी. तिथे सवयीने ६.००० टाकलं की टूल बाहेरच्या कडेपासून ६ मिमी लांबून हवेत फिरेल. हातात आलेला प्रोग्राम कुठला आहे हे कळायची सोपी खूण म्हणजे त्यातले आकडे ड्रॉइंगचे आहेत का ते बघणं. १०० च्या जागी १०६ दिसलं तर त्रिज्या आधीच धरलेली आहे.

वेअर: रोजचं काम इथे आहे

जिओमेट्री एकदा मोजली की तिला हात लावायचा नाही. मापातला फरक वेअरच्या रकान्यात टाकायचा. टूल बदललं की वेअर शून्य.

चिन्हाचा गोंधळ नव्यांना हमखास होतो. बाहेरची कड असो, आतला पॉकेट असो की खोली असो, नियम एकच: मटेरियल उरलंय तर मायनस, जास्त निघालंय तर प्लस. रुंदी १०० हवी होती, आली १००.०६. दोन बाजू मिळून ०.०६, म्हणजे एका बाजूला ०.०३ उरलंय. डी च्या वेअरमध्ये -०.०३०. पॉकेट ४० ऐवजी ३९.९४ आलं, तरी मटेरियलच उरलंय, तिथेही -०.०३०. खोली ५ ऐवजी ४.९७ आली तर एच च्या वेअरमध्ये -०.०३०.

फॅनकवर इनपुट आणि प्लस इनपुट ही दोन वेगळी बटणं आहेत. इनपुट जुना आकडा पुसून नवा टाकतं, प्लस इनपुट जुन्यात मिळवतं. माझ्या पहिल्या एकट्या रात्रपाळीला वेअरमध्ये आधीच -०.०४० होता आणि मला अजून -०.०२० द्यायचा होता. मी इनपुट दाबलं. -०.०६० व्हायच्या जागी -०.०२० राहिला, टूल पुढे जायच्या ऐवजी मागे सरकलं. पुढचा जॉब मोजायला हवा होता, मी चहाला गेलो. सतरा जॉब ओव्हरसाइज. रीवर्क झाले म्हणून निभावलं. चूक उलट्या दिशेची असती तर सतरा तुकडे भंगारात होते. तेव्हापासून वेअर बदलला की नवी बेरीज काय दिसायला हवी ती आधी कागदावर लिहितो, मग बटण.

दशांशाचा ठिपका हाही त्याच जातीचा शत्रू. काही सेटिंगमध्ये ठिपक्याशिवाय टाकलेला १० हा १० मिमी न धरता १० मायक्रॉन धरला जातो. ठिपका नेहमी द्या.

फोर्थ एक्सिस: फिरण्याचं सेंटर सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका

एक्सभोवती फिरणाऱ्या एक्सिसला ए म्हणतात, वायभोवती बी, झेडभोवती सी. रोटरी टेबलावर ए बसवला की कामाचा केंद्रबिंदू बदलतो. आता जॉबच्या कडेपेक्षा टेबल कुठल्या रेषेभोवती फिरतं हे महत्त्वाचं.

झिरो त्या रेषेवरच घेतला तर एकाच जी५४ मध्ये ए०, ए९०, ए१८०, ए२७० चारही बाजू होतात, कारण फिरताना तो बिंदू जागचा हलत नाही. झिरो जॉबच्या कोपऱ्यावर घेतला तर प्रत्येक कोनाला तो कोपरा नव्या जागी जातो आणि प्रत्येक बाजूला वेगळा जी५४, जी५५, जी५६ लागतो. चालतं तेही, पण एका फिक्स्चरवर चार जॉब असतील तर सोळा ऑफसेट सांभाळत बसाल. नवशिक्याने सेंटरवरच झिरो घ्यावा असं माझं मत आहे. कॅमवाल्याला मॉडेल त्या बिंदूवर आणून ठेवायला सांगा, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे.

वायचं सेंटर: रोटरीच्या चकमध्ये ग्राइंड केलेला टेस्ट बार धरा. आधी बार फिरवून डायलने रनआउट (फिरताना किती डोलतो ते) बघा, तो खराब असेल तर पुढचं सगळं वाया. मग एज फाइंडर दोन्ही बाजूंना लावा. रीडिंग आली -२१२.४६० आणि -२६२.४८४, तर मध्य -२३७.४७२. हा जी५४ चा वाय.

झेडचं सेंटर: बारच्या माथ्यावर वरच्यासारखाच टच घ्या. माथा -३९१.२०० आला आणि बार ४०.००० मिमीचा आहे, तर सेंटर २० खाली, -४११.२००.

आता पडताळा, आणि हा भाग कुणी वगळू नये. फालतू अॅल्युमिनियमचा तुकडा धरा. ए० ला झेड१५.० वर फेस मारा, ए१८० ला फिरवून पुन्हा झेड१५.० वर फेस मारा. जाडी ३०.००० यायला हवी. समजा ३०.०३६ आली. म्हणजे प्रत्येक बाजूला ०.०१८ जास्त उरलंय. आता विचार करा, चूक सेंटरची आहे की त्या टूलच्या एच ची? या एका चाचणीतून ते कळत नाही, दोन्ही चुका इथे सारख्याच दिसतात. दुसऱ्या, वेगळ्या लांबीच्या टूलने तीच चाचणी करा. तिथेही ०.०१८ आलं तर सेंटर चुकलंय, जी५४ चा झेड -४११.२१८ करा. तिथे बरोबर आलं तर पहिल्या टूलची लांबी पुन्हा मोजा. भलत्या रकान्यात दुरुस्ती केली की एक टूल बरं होतं आणि बाकीची एकोणीस आजारी पडतात.

वायसाठी ए० ला वाय०.० वर एक आरपार भोक अर्ध्यापर्यंत बोअर करा, ए१८० ला फिरवून उरलेलं अर्धं त्याच वाय०.० वर. मध्ये पायरी दिसली तर ती सेंटरच्या चुकीच्या दुप्पट असते. पायरी ०.०५, तर चूक ०.०२५. दिशा समजत नसेल तर एका बाजूला ०.०२५ देऊन पुन्हा मारा. पायरी दुप्पट झाली की दिशा उलटी होती.

कोनाची चूकही कमी लेखू नका. ०.०१ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सेंटरपासून २०० मिमीवर ते ०.०३५ मिमी होतं. जॉब कोनात तिरका बसला असेल तर डायलने सपाटी पकडून तो फरक जी५४ च्या ए च्या रकान्यात टाका. हा रकाना पुष्कळांना माहीतच नसतो.

फाइव्ह एक्सिस: आता कंट्रोल हिशोब करतो, पण तुमच्या आकड्यांवर

ट्रनियन टेबल घेऊ, म्हणजे कलंडणारा ए आणि त्यावर फिरणारा सी. इथे काम करायच्या दोन रीती आहेत.

पहिली थ्री प्लस टू. टेबल एका कोनात नेऊन लॉक करायचं आणि तिथे साधं तीन एक्सिसचं काम करायचं. फॅनकवर जी६८.२ ने कलती पातळी सांगायची आणि जी५३.१ ने टूलला त्या पातळीशी काटकोनात आणायचं. काम झालं की जी६९. या पातळीत जी४१, ड्रिलिंग सायकल, सगळं नेहमीसारखं चालतं. हेच काम सीमेन्सवर सायकल ८००, हाइडेनहाइनवर प्लेन, आणि हासवर जी२५४ करतं. शॉपमधलं बरंचसं फाइव्ह एक्सिस काम प्रत्यक्षात हेच असतं, आधी हे शिका.

दुसरी रीत पाचही एक्सिस एकदम चालवायची. तिथे जी४३ च्या जागी जी४३.४ एच येतो, त्याला टीसीपी म्हणतात. टेबल कसंही हललं तरी टूलचं टोक जॉबवरच्या ठरलेल्या बिंदूवर राहावं म्हणून कंट्रोल एक्स, वाय, झेड सतत सरकवत राहतो. सीमेन्सवर ट्राओरी, हाइडेनहाइनवर एम१२८, हासवर जी२३४. टीसीपी सुरू करताना टूल जॉबपासून लांब ठेवा, आणि झेड होमला पाठवायच्या आधी जी४९ ने ते रद्द करा.

हा हिशोब करायला कंट्रोलला तीन गोष्टी लागतात: टूलची खरी लांबी, जॉबचा खरा झिरो, आणि ए व सी च्या सेंटरची खरी जागा. तिसरी गोष्ट मशीनच्या पॅरामीटरमध्ये असते (हासवर सेटिंग २५५, २५६, २५७). तिला नव्या माणसाने हात लावायचा नाही. पण पहिल्या दोन तुमच्या हातच्या, आणि सुरुवातीची ती पॉइंट दोनची तक्रार इथेच जन्मते.

समजा टूलची लांबी ०.२०० ने जास्त टाकली गेली. प्रीसेटरचा झिरो सरकला होता, काहीही असेल. त्याच टूलने जॉबचा झिरो काढला. वरच्या हिशोबात आपण रीडिंगमधून लांबी वजा केली होती, म्हणजे जी५४ चा झेडही ०.२०० ने खाली गेला. आता ए० ला दोघांची बेरीज करा. एक ०.२ वर, दुसरा ०.२ खाली, फरक शून्य. वरची बाजू मापात!

टेबल ९० अंशांत आलं. टूल अजूनही उभंच आहे, त्याची जास्तीची ०.२०० लांबी मशीनच्या झेडमध्येच आहे, म्हणून खोली ०.२ ने कमी पडते. पण जॉबचा झिरो जॉबबरोबर कलंडला. त्याची ०.२०० ची चूक आता आडवी झाली, भोकं तेवढी सरकली. दोन चुका, दोन दिशा. इथे कुणी खोलीसाठी वेअर दिला की ए० ची बाजू बिघडते, मग जी५४ हलवतो, मग भोकं अजून सरकतात. मी एका मुलाला या फेऱ्यात पूर्ण शिफ्ट घालवताना पाहिलंय. उपाय एकच, टूल खाली काढून पुन्हा मोजायचं आणि मोजलेल्या टूलने झिरो पुन्हा घ्यायचा.

जॉबचा झिरो घेताना ए आणि सी शून्यावर आहेत हेही बघा. बॉलनोज वापरत असाल तर कॅमने रस्ता टोकाचा काढलाय की बॉलच्या सेंटरचा, ते विचारा. १० मिमीच्या बॉलला त्या दोघांत ५ मिमीचं अंतर असतं, आणि एच त्याच बिंदूपर्यंतचा हवा.

मशीनचं सेंटर संशयास्पद वाटलं तर साधी चाचणी आहे. टोकाला अचूक गोळा असलेला टेस्ट बार स्पिंडलमध्ये लावा, एच मध्ये गोळ्याच्या सेंटरपर्यंतची लांबी द्या, टेबलावर डायल बसवून गोळ्याला लावा. टीसीपी चालू ठेवून सी फिरवा, ए थोडा थोडा कलवा. डायलचा काटा जागेवर राहायला हवा. ०.०१ च्या आसपास हलला तर मशीन ठीक. पॉइंट शून्य पाच हलला तर सुपरवायझरला बोलवा, तिथून पुढे प्रोब आणि कॅलिब्रेशन बॉलचं काम आहे. मात्र ही चाचणी मशीन गरम झाल्यावर करा. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढतं, आणि सकाळच्या थंड स्पिंडलवर घेतलेला झिरो दुपारी तसाच राहत नाही. वीस मिनिटं वॉर्मअप चालवून मगच टच घेणं हा आळशीपणा नव्हे, साहेब काहीही म्हणोत.

पहिला पीस

तीन एक्सिसवर आपण ईएक्सटीच्या झेडमध्ये +५० टाकून प्रोग्राम हवेत चालवतो. टीसीपीमध्ये ही युक्ती धोक्याची आहे. झिरो ५० वर गेला खरा, पण तो जॉबला चिकटलेला असतो. टेबल ९० अंशांत कलंडलं की ते ५० मिमी आडवे होतात आणि टूल फिक्स्चरमध्ये जाऊ शकतं. त्याऐवजी ज्या टूलचा प्रोग्राम तपासायचाय त्याच्या एच च्या वेअरमध्ये +२० किंवा +५० द्या. कंट्रोलला टूल लांब वाटेल आणि कोणत्याही कोनात तो ते टूलच्या दिशेनेच मागे धरेल. नंतर तो आकडा काढायला विसरू नका.

मग सिंगल ब्लॉक, रॅपिड अगदी कमी, एक हात फीड होल्डवर. नजर टूलवर न ठेवता डिस्टन्स टू गो वर ठेवा. टूल जॉबच्या वर २० मिमी दिसतंय आणि स्क्रीनवर अजून ६० मिमी खाली जायचं शिल्लक आहे, म्हणजे काहीतरी चुकलंय, थांबवा. होमला जाताना जी९० चालू असताना जी२८ झेड० कधीच लिहू नका, तो आधी जॉबच्या झेड० वर जातो आणि मग होमला. जी९१ जी२८ झेड० लिहा, किंवा सरळ जी५३ झेड० वापरा.

प्रोग्राममधून ऑफसेट भरणारा जी१० हा कोड पुढे कधीतरी शिका. जी१० एल२ पी१ ने जी५४ भरतो, जी१० एल१० पी७ आर१४२.३८ ने एच०७ ची लांबी. टायपिंगच्या चुका संपतात. पण एल११ किंवा एल१३ ची ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला ठेवली असेल, तर दर सायकलला तुमचा वेअर पुसला जातो. दिलेला वेअर टिकत नाही अशी तक्रार आली की मी आधी प्रोग्रामच्या पहिल्या पंधरा ओळी बघतो.

शिफ्ट सोडताना मशीनजवळच्या वहीत एवढं लिहून जा: कोणत्या टूलचा वेअर किती होता आणि किती केला, कोणतं टूल बदललं आणि नवी लांबी किती, जी५४ कोणत्या टूलने घेतला, ईएक्सटी शून्य आहे का, आणि एअर कटिंगसाठी वेअरमध्ये दिलेले ते +५० काढलेत का.